वृद्धाश्रमातील मातापिता आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी मला पत्र पाठविले तेव्हा ‘विद्यार्थी व संस्कार’ या विषयावर बोलावे असे सुचविले होते. गुणवंत मुलामुलींच्या सत्काराचा प्रसंग. तेव्हा निवृत्त शिक्षकाने त्यावर चार शब्द सांगावेत हे रीतीला धरूनच आहे. परंतु त्या विषयावर मी याच व्यासपीठावरून पूर्वी दोनदा बोललो आहे, आणि ज्यांना तेव्हा उपदेश केला त्यांची मुले आज सत्कार घेण्यास समोर बसली आहेत. म्हणून मी विषय बदलून मागितला. नवा विषय ऐकताच चिटणीस क्षणभर घुटमळले. “गुरुजी, समारंभात हा विषय बरा दिसेल का?” असे त्यांनी विचारले. त्यांच्या त्या घुटमळण्यातच मला या विषयाची निकड दिसून आली.

मी केवळ मॅट्रिक झालेला मनुष्य. अडतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुलांना पाढे आणि बाराखडी शिकविली, यापलीकडे माझा अधिकार नाही. आज जे सांगणार आहे ते ग्रंथांतून वेचलेले नसून, गेली तीन वर्षे जे पाहावे आणि करावे लागले त्यातून आलेले आहे. माझी आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, आणि ती सोलापुरातील एका वृद्धाश्रमात राहते. हे वाक्य मी मुद्दाम मोठ्याने उच्चारीत आहे; कारण या सभेत माझ्यासारखी आणखीही कुटुंबे बसली आहेत आणि ती हे वाक्य उच्चारीत नाहीत, हे मला ठाऊक आहे.

आपली ज्ञाती या जिल्ह्यात विरळ वसलेली. धाराशिवपासून उमरग्यापर्यंत आणि तुळजापूरपासून परंड्यापर्यंत आठही तालुक्यांत आपली घरे आहेत, पण एका गावी एक किंवा दोन. शिंप्याचे घर म्हणजे वेशीजवळची ओसरी, ओसरीवर एक शिवणयंत्र, आणि त्यामागे चष्मा लावलेला एक वृद्ध, हे चित्र आपल्यापैकी साठीपुढच्या सर्वांच्या डोळ्यांपुढे असेल. तो वृद्ध शेवटपर्यंत काजे करी, गुंड्या लावी. घराला त्याचा उपयोग होता आणि त्यालाही घराचा. तयार कपड्यांनी ती ओसरी रिकामी केली. मुले चाकण, हडपसर, पिंपरी येथे गेली. ज्यांना थोडीबहुत शेती होती तिचे वाटण्यांनी तुकडे झाले आणि उरलेल्या तुकड्यांना अवर्षणाने ग्रासले. आपल्या शेजारच्या समाजांची स्थिती याहून बिकट आहे. कळंब, वाशी, भूमकडील कुटुंबे दिवाळी झाली की ऊसतोडीला निघतात आणि गावात म्हातारी माणसे व शाळकरी नातवंडे तेवढी मागे राहतात. तेथे कोण कोणाला सांभाळतो हे सांगणे कठीण.

वृद्धाश्रम ही काही कालपरवाची गोष्ट नव्हे. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात निराधार वृद्धांसाठी व पंगूंसाठी जे गृह उभे राहिले ते ‘निवारा’ या नावाने आजही चालू आहे. १९९५ नंतर राज्य शासनाने ‘मातोश्री’ या नावाने जिल्ह्याजिल्ह्यांत वृद्धाश्रमांची योजना काढली. या सर्वांमागील कल्पना एकच होती; ज्याला कोणी नाही त्याला छप्पर द्यावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जो भूकंप लातूर आणि आपल्या जिल्ह्यात झाला, त्यानंतर ही कल्पना आपण डोळ्यांनी पाहिली. नळदुर्गजवळ राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी श्री. पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने निराधार मुलांसाठी ‘आपलं घर’ उभारले. त्या वेळी एक गोष्ट माझ्या मनाला लागली होती. आईबाप गेलेल्या मुलाला आपण अनाथ म्हणतो. मुलेबाळे गेलेल्या म्हाताऱ्याला आपल्या भाषेत शब्दच नाही. सास्तूरकडच्या पत्र्याच्या निवाऱ्यांतून असे कितीतरी म्हातारे दिवसभर नुसते बसलेले दिसत.

आज जो प्रश्न आपल्यापुढे आहे तो त्यांचा नाही. ज्यांना मुलगे आहेत, सुना आहेत, लेकी-जावई आहेत आणि जी मुले काही दुष्टही नाहीत, अशांचे आईवडील वृद्धाश्रमात जाऊ लागले आहेत. हे का घडते, याचे उत्तर आपण एका वाक्यात देऊन मोकळे होतो: “संस्कार संपले.” मला हे उत्तर आळशी वाटते.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठ वर्षांवरील लोकांचे प्रमाण शेकडा ९.९ होते. तेव्हापासून आयुष्यमान वाढतच आहे. नव्वदीच्या घरात पोहोचलेली माणसे आपल्या आजोबांच्या काळी गावात एखादी असत, आज गल्लीत आहेत. आईबाप नव्वदीला आले म्हणजे मुलगा पासष्टीला आलेला असतो, हे साधे गणित मात्र आपण मांडीत नाही. माझेच उदाहरण घ्या. मी सहासष्ट वर्षांचा, रक्तदाबाचा रोगी. माझ्या पत्नीचे दोन्ही गुडघे झिजलेले. तिला मांडी घालून बसता येत नाही. आई न्हाणीघरात पडली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण ती पुन्हा आपल्या पायांवर उभी राहिली नाही. तिला उचलून बसविण्यास दोन धडधाकट माणसे लागतात. पाठीला शय्याव्रण होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. आम्ही उभयतांनी हे पाच महिने केले. सहाव्या महिन्यात आईला उचलताना पत्नीच्याच कमरेत उसण भरली आणि घरात दोन खाटा झाल्या. पुण्याहून धाकटा भाऊ आला. तो तिथे तीन पाळ्यांत काम करतो आणि दोन खोल्यांत राहतो. चारही भावंडे बसलो, आईच्या उशाशीच बसलो, आणि तिच्यादेखत विचार केला. शेवटी तीच म्हणाली, “मला कुठं तरी ठिवा, पर तुमी मरू नका.”

कथाकीर्तनांतून आपण श्रावणबाळ आणि पुंडलिक यांची नावे घेतो. शासनाने तर वृद्धांच्या निवृत्तिवेतनालाच श्रावणबाळाचे नाव दिले आहे. मला त्या कथांविषयी पूर्ण आदर आहे. पण मुलांना गोष्ट सांगताना मी मनात नेहमी म्हणत असे की, श्रावणाला रात्रपाळी नव्हती, आणि पुंडलिकाच्या आईबापांना उचलायला नव्हे तर पाय चुरायलाच तो लागत होता. शिवाय या दोन्ही कथांत सेवा करताना एक माणूस दिसत नाही, ती म्हणजे सून. आपल्या घरांतून वृद्धांची सेवा होते ती कीर्तनातल्या पुत्राच्या हातून नव्हे. अंथरूण काढणे, धुणे, भरविणे हे सर्व सूनबाई करते. आणि तिची पाठ मोडली म्हणजे ‘सुनेने घालवले’ असा शिक्काही तिच्याच कपाळी बसतो. माझ्या पत्नीने हे बोलणे ऐकले आहे, आणि ते आपल्याच ज्ञातीच्या एका मंगलकार्यात ऐकले आहे. कोणी बोलले ते मी सांगणार नाही. ती माउली येथे आली असल्यास तिला माझा नमस्कार.

सज्जनहो, वृद्धाश्रमात ठेवावे की ठेवू नये यावर वाद घालण्यासाठी मी उभा राहिलेलो नाही. ज्याला घरी सांभाळणे शक्य आहे त्याने घरीच सांभाळावे. घराची सर संस्थेला नाही. माझे सांगणे पुढचे आहे. वृद्धाश्रमाच्या दारात आईला सोडून आलो म्हणजे कर्तव्य संपले असे काहींना वाटते, आणि कर्तव्य बुडाले असे इतरांना वाटते. या दोन्ही समजुतींचा परिणाम मात्र एकच होतो. पुढे कोणी तिकडे फिरकत नाही. एकजण निर्धास्त म्हणून जात नाही, दुसरा लाजेने जात नाही. आईला दोघांतला फरक कसा कळावा? वास्तविक त्या दारापासून कर्तव्य नव्या रीतीने सुरू होते, आणि ते शिकावे लागते.

पहिली गोष्ट जाण्याची. जाण्याचा वार ठरलेला असावा. म्हातारे माणूस वार मोजीत असते. वेळ मात्र ठरलेली नसावी, कारण संस्था वेळ मोजीत असते. मी दर शनिवारी जातो, पण कधी सकाळी नऊला, कधी जेवणाच्या वेळी, कधी दिवेलागणीला. अमुक वेळेलाच या असा आग्रह धरणारी संस्था असेल तर तिची चौकशी अधिक करावी.

गेल्यावर काय पाहावे, हेही सांगतो. पाण्याचे भांडे तिच्या हाताच्या अंतरावर आहे की खोलीच्या दुसऱ्या टोकाला? पांघरूण स्वतः बाजूला करावे आणि टाचा, खुबे, माकडहाड पाहावे. तेथे तांबूस डाग दिसला तर व्रणाची ती पहिली खूण. नखे कापलेली आहेत काय? ओठ कोरडे आहेत काय? औषधांची यादी आपल्या वहीत उतरून घ्यावी आणि प्रत्येक खेपेस ताडून पाहावी. ऐकण्याचे यंत्र असेल तर त्यात घट आहे की नाही ते पाहावे. कित्येक म्हातारी माणसे ‘बहिरी आणि भ्रमिष्ट’ ठरतात, आणि दोष असतो संपलेल्या घटाचा.

आईला आम्ही प्रथम ज्या संस्थेत ठेवले होते तिचे नाव मी घेत नाही. दुसऱ्याच महिन्यात पांघरूण उचलले तो उजव्या टाचेला रुपयाएवढा व्रण होता आणि चष्मा चार दिवसांपासून हरवलेला होता. आईने यातले अक्षरही काढले नव्हते. “बरं हाय” एवढेच ती प्रत्येक वेळी सांगे. वृद्ध माणसाच्या “बरं आहे” यावर कधीही विसंबू नये. आपल्याला त्रास नको म्हणून ते म्हणतात, आणि आपण परत गेल्यावर कोणाचा राग ओढवू नये म्हणूनही म्हणतात. आम्ही तिला तेथून हलविले. आता जेथे आहे तेथे व्रण भरून आला. चष्म्याला दोरी बांधून तो गळ्यात अडकविला आहे. हा उपाय तेथल्या मावशींनी सुचविला.

या मावशींविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. वृद्धाश्रमाचा दर्जा फलकावर किंवा व्यवस्थापकाच्या खोलीत नसतो, तो या बायकांच्या हातांत असतो. पुष्कळदा त्याही आपल्यासारख्याच खेड्यांतून आलेल्या, स्वतःच्या सासूला घरी ठेवून दुसऱ्यांच्या आयांची अंथरुणे काढणाऱ्या असतात. त्यांची नावे पाठ करावीत. मुलांची, गावाची चौकशी करावी. वरिष्ठांकडे तक्रार करण्याआधी त्यांना नीट शब्दांत विचारावे. ज्या वृद्धाची चौकशी करणारे माणूस नियमाने येते, त्याच्याकडे लक्ष अधिक दिले जाते. हे योग्य आहे असे मी म्हणत नाही, पण मनुष्यस्वभाव असा आहे.

कपड्यांची गोष्ट मात्र आपल्या खास अधिकारातील आहे. संस्थेत सर्वांचे कपडे एकत्र धुतले जातात आणि मग कोणाचे लुगडे कोणाच्या अंगावर जाते याचा पत्ता नसतो. दुसऱ्या बाईचे लुगडे अंगावर पाहून आई फार कष्टी झाली. ती शिंप्याची लेक, शिंप्याची सून. कापड हातात धरून ते कोणत्या ठाणातले हे सांगणारी. माझ्या पत्नीने प्रत्येक लुगड्याच्या काठाच्या आतल्या बाजूस आणि प्रत्येक चोळीच्या पाठीस लाल दोऱ्याने आईचे नाव भरले. तिचे पाहून शेजारच्या खाटेवरील बाईंनी विनंती केली, मग तिसरीने केली. एका दुपारी आईच पडल्यापडल्या सांगू लागली, “टाका बारीक घे, उसवंल.” सहा महिन्यांत तिने कोणाला काही शिकविले नव्हते.

बोलण्याचेही तसेच आहे. “जेवलीस का, झोप लागते का” एवढे विचारून झाले की आपले बोलणे संपते आणि आपण घड्याळाकडे पाहू लागतो. म्हाताऱ्या माणसाला घरच्या अडचणी सांगाव्यात, सल्ला विचारावा, भांडणे सांगावीत. मी आईला शेजाऱ्याच्या बांधाचा तंटा सांगतो. ती अजूनही तावातावाने आपली बाजू मांडते. आणि जुने विचारावे. १९४८ साली, पोलीस कारवाईच्या आधी, रझाकारांच्या भीतीने आपल्या भागातील कितीतरी कुटुंबांनी सरहद्द ओलांडून बार्शीकडे आश्रय घेतला. आई तेव्हा अकरा वर्षांची होती. शिवणयंत्राचे वरचे मुंडके पोत्यात घालून तिच्या वडिलांनी ते रात्री डोक्यावरून नेले, ही हकीकत मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी त्या संस्थेतील खाटेशेजारी बसून प्रथम कळली. घरी असताना तिला विचारायला मला सवड नव्हती आणि तिला सांगायला. पलीकडच्या खाटेवरच्या बाई बार्शी तालुक्यातल्या निघाल्या. आता दोघींची त्या रात्रीविषयी नित्य चर्चा चालते आणि प्रत्येक वेळी पोत्याचे वजन थोडे वाढते.

खर्चाविषयी आपण सभेत बोलत नाही, पण घराघरांत भांडणे त्यावरूनच होतात. चार भावंडांत वाटला नसता तर हा खर्च माझ्या निवृत्तिवेतनाचा निम्मा भाग घेऊन गेला असता. आम्ही वही घातली आहे. भाऊ पैसे जास्त देतो, कारण त्याला येणे जमत नाही. सोलापूरची धाकटी बहीण पैसे देऊ शकत नाही; तिच्या दोन खोल्यांत तिचे स्वतःचे सासूसासरे आहेत. पण ती आठवड्यातून दोनदा भाकरी आणि पातळ पिठले घेऊन जाते, आणि आम्ही ते वहीत तिच्या नावे जमा धरतो. ‘लेकीचे कसे घ्यायचे’ हा आपला जुना संकोच आता सोडावा. आईबापांच्या पोषणाची जबाबदारी विवाहित मुलीवरही आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सांगितले आहे. जी मुलगी वाटणीत समान धरली जाते ती सेवेतही समान धरली, तर तिचा मानच वाढतो.

जाण्यायेण्याची सबब आता पूर्वीइतकी चालत नाही. २०२२ च्या ऑगस्टपासून पंच्याहत्तर वर्षांवरील सर्वांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला; पासष्ट ते पंच्याहत्तर वयाच्यांना अर्धे तिकीट आहे, आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांनाही अर्धे. माझी थोरली बहीण वर्षातून दोनदा येई, ती आता महिन्याला येते. शासनाच्या हातून कधीकधी न ठरविताही पुण्य घडते ते असे.

कागदपत्रांचे काम मात्र कंटाळवाणे आहे आणि ते आपणच केले पाहिजे, कारण खाटेवरच्या माणसाला कचेरीत नेता येत नाही. निवृत्तिवेतनधारकाचा हयातीचा दाखला दर नोव्हेंबरात लागतो. श्रावणबाळ योजनेचे दरमहा दीड हजार रुपये ज्यांना मिळतात त्यांनाही दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. ज्यांनी आयुष्यभर सुई धरली त्यांच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, हा आपल्या ज्ञातीतला नेहमीचा अनुभव. निवृत्तिवेतनधारकांसाठी चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय आता झाली आहे, ती मागून घ्यावी. २०२४ च्या ऑक्टोबरअखेरपासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांची सोय झाली आहे. तिचे वेगळे कार्ड काढावे लागते. ते आजारी पडण्यापूर्वी काढावे.

कायद्याचाही उल्लेख केला पाहिजे. मातापिता व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा २००७ साली झाला. मुले सांभाळीत नसतील तर आईवडिलांना उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे, म्हणजे आपण ज्यांना प्रांत म्हणतो त्यांच्या न्यायाधिकरणापुढे, साधा अर्ज करता येतो. दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. वृद्धास टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असे वृद्धाश्रम शासनाने स्थापावे, असेही त्यात म्हटले आहे. आणि आपल्यातील वडीलधाऱ्यांनी कान देऊन ऐकावे असे एक कलम त्यात आहे: घर वा शेत मुलाच्या किंवा नातवाच्या नावे बक्षीसपत्राने करून देताना, ‘माझे पालनपोषण करावे’ ही अट त्या पत्रात स्पष्ट लिहिलेली असेल आणि ती पाळली गेली नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येते. अट लिहिण्यास संकोच वाटतो हे मी जाणतो. “पोटच्या पोरावर अविश्वास कसा दाखवू?” असे एका वृद्ध गृहस्थांनी मला विचारले. मी म्हटले, “विश्वास असेल तर अटीने त्याचे काय बिघडते?” अडचणीत सापडलेल्या वृद्धास १४५६७ या क्रमांकावर सकाळी आठ ते रात्री आठपर्यंत विनामूल्य दूरध्वनीही करता येतो. तथापि प्रांतसाहेब पैसे देववू शकतील; शनिवारी येऊन कोणी पाठीचे पांघरूण उचलून पाहावे, असा हुकूम त्यांना काढता येणार नाही.

आता ज्यासाठी मी विषय बदलून मागितला ते सांगतो. आपल्या ज्ञातीतील एका कुटुंबाची आजी एका वृद्धाश्रमात होती. कुटुंब सुशील; पैसे वेळेवर पाठवी. पण गावात त्यांनी सांगितले होते की आजी पुण्याला नातवाकडे आहे. एकदा सांगितले ते पुढे निभावावे लागले. नातीच्या लग्नाला आजीला आणावे तर सत्य उघडे पडणार, म्हणून आणली नाही. पाहुण्यांनी विचारले तर ‘प्रवास झेपत नाही’ म्हणून सांगितले. आजीला तर लग्नाची वार्ताही उशिरा लागली. तिने मुलाला दोष दिला नाही. तिने मला विचारले (मी आईकडे गेलो असता ती तेथेच होती), “मास्तर, लग्नात माजं नाव पत्रिकेत व्हतं का?” पत्रिका मी पाहिली होती. नाव होते, ‘आशीर्वाद’ या सदरात सर्वांत वर, ठळक टाइपात होते.

बंधुभगिनींनो, त्या मुलाला दोष देणे सोपे आहे. मी देत नाही. त्याला कोणाचे भय होते? तुमचे आणि माझे. आपण ज्या जिभेने ‘आईला वृद्धाश्रमात टाकली’ म्हणतो, ती जीभ आईला घरी आणीत नाही. ती फक्त मुलाला लपायला लावते, आणि लपलेल्या मुलाची आई लग्नाला मुकते. लोकलज्जेने आजवर कोणाच्या म्हाताऱ्या आईची कूस बदललेली मी पाहिली नाही.

म्हणून मंडळापुढे माझ्या काही सूचना आहेत. कार्यकारिणीने त्यांचा विचार करावा. आपली कुटुंबसूची दर पाच वर्षांनी निघते. तीत प्रत्येक व्यक्तीचा पत्ता छापला जातो. वृद्धाश्रमात राहणाऱ्या वडीलधाऱ्यांचा तेथलाच पत्ता, त्यांची संमती घेऊन, उघडपणे छापावा. माझ्या आईचा छापण्यास तिची संमती मी आणली आहे. लग्नपत्रिका कुटुंबाला जाते तशी एक प्रत त्या वृद्धाच्या नावे त्या पत्त्यावर टपालाने जावी. कार्य असेल त्या घराने वृद्धास आणण्याची व्यवस्था करावी, आणि गाडीचा खर्च झेपत नसेल तर मंडळाच्या साहाय्यनिधीतून द्यावा. दरवर्षी आपण पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांचा शाल-श्रीफळ देऊन गौरव करतो. जे येथे येऊ शकत नाहीत त्यांची शाल घरच्यांच्या हाती न देता दोघा सभासदांनी प्रत्यक्ष खाटेपाशी नेऊन पांघरावी. आणि आपल्या तरुण सभासदांपैकी जे सोलापूर, लातूर, पुणे येथे नोकरीस आहेत त्यांनी आपल्या शहरातील संस्थेत ज्ञातीचे कोणी वृद्ध असल्यास महिन्यातून एकदा तासभर जाऊन यावे. नाते नसले तरी चालेल. शिंप्याच्या घरी नाते निघायला वेळ लागत नाही.

सध्या आपल्या जिल्ह्यातील किती ज्ञातिबांधव अशा संस्थांतून राहतात याची यादी कोणापाशी नाही. ती करण्याचे काम मी पत्करतो. ज्यांना आज येथे नाव सांगणे अवघड वाटेल त्यांनी पत्राने कळवावे. संमतीवाचून ते नाव दुसऱ्या कोणास सांगितले जाणार नाही. ज्यांना हयातीच्या दाखल्याचा, कार्डाचा किंवा प्रांतसाहेबांकडील अर्ज लिहून हवा असेल त्यांनी माझ्या घरी यावे. माझे अक्षर अजून बरे आहे आणि त्याचे शुल्क नाही. मी सोमवारी आणि गुरुवारी दिवसभर घरी असतो. शनिवारी मात्र कोणी येऊ नये. शनिवारी मी सोलापूरला असतो.